वनस्पतीतून आलेलं ओपिऑइड सोडताना: अवलंबित्व, विड्रॉवल आणि त्यानंतरचे धोक्याचे आठवडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंबरदुखीवर उपाय म्हणून दीड वर्षापूर्वी क्रॅटम या झाडाच्या पानांची पावडर सुरू केली. आधी दिवसातून एकदा घ्यायचो, आता चार वेळा लागते. मध्ये पावडर मिळेनाशी झाली तेव्हा अफूच्या बोंडांचा काढा घेतला. बंद करायला गेलं की दुसऱ्या दिवशी नाक-डोळे वाहतात, पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप उडते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं जातं. त्यावर चार शंका: झाडपाल्याचं आहे तरी असं का होतं? हे व्यसन म्हणायचं का? घरच्या घरी एकदम बंद केलं तर जिवाला धोका आहे का? आणि डॉक्टरांच्या गोळ्या घेणं म्हणजे एक सोडून दुसरं धरणंच नाही का?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या वैद्यकीय उपचारांत काम करते. चारही शंकांना सविस्तर उत्तर देते, पण सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकते. एरवी तब्येत धडधाकट असलेला प्रौढ माणूस ओपिऑइडच्या (अफू, मॉर्फिन आणि त्यांच्यासारखं काम करणारी द्रव्यं) विड्रॉवलने, म्हणजे ते बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाने, सहसा दगावत नाही. त्रास मात्र फार होतो. मला जास्त काळजी वाटते ती विड्रॉवल संपल्यानंतरच्या आठवड्यांची, कारण त्या काळात जुन्या मापाने पुन्हा एकदा घेतलेला काढा जीव घेऊ शकतो. त्यामुळे सोडण्याचा बेत फक्त पहिल्या पाच दिवसांचा आखू नका.

आता झाडपाल्याचं म्हणजे सौम्य, या समजाबद्दल. आपल्या मेंदूत, पाठीच्या कण्यात आणि आतड्यांत ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे ही द्रव्यं जिथे येऊन बसतात अशा पेशींवरच्या जागा, असतात. त्यांपैकी म्यू नावाचा रिसेप्टर वेदना दाबतो, सुख देतो, श्वास मंद करतो आणि आतड्यांची हालचाल थांबवतो. 1973 मध्ये हे रिसेप्टर प्रयोगशाळेत दाखवता आले आणि 1975 मध्ये शरीर स्वतःच तयार करत असलेली ओपिऑइडसारखी द्रव्यं, म्हणजे एन्केफॅलिन, सापडली. या रिसेप्टरवर येऊन बसणारा रेणू पानातून आला की कारखान्यातून, याने तिथे काहीच फरक पडत नाही. मॉर्फिन हा खसखशीच्या झाडाचाच रेणू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेर्टर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने तो अफूतून, म्हणजे त्या झाडाच्या बोंडांच्या वाळलेल्या चिकातून, वेगळा काढला. कोडीन 1832 मध्ये त्याच चिकातून मिळालं. त्याच झाडातल्या थेबेन या अल्कलॉइडपासून (वनस्पतीत तयार होणारं, शरीरावर परिणाम करणारं द्रव्य) आज ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक बनतं, उपचारात वापरलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिन बनतं आणि ओव्हरडोसवरचा उतारा असलेलं नॅलोक्सोनही बनतं. नैसर्गिक आणि रासायनिक अशी रेघ ओढून सुरक्षित काय नि धोक्याचं काय हे ठरवता येत नाही, ते यासाठी.

रोज ओपिऑइड मिळू लागलं की पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. मेंदूच्या तळाशी लोकस सेरूलियस नावाचा छोटा भाग आहे. तो नॉरअॅड्रिनॅलिन नावाचं रसायन सोडून आपल्याला जागं आणि सावध ठेवतो. ओपिऑइड त्याला दाबतं, म्हणून तो आपला जोर वाढवत नेतो. आतून कोणी दार ढकलत असेल तर बाहेरच्याला तेवढाच जोर लावून उभं राहावं लागतं. आतला अचानक बाजूला झाला की बाहेरचा तोल जाऊन आत कोसळतो. विड्रॉवल म्हणजे हे कोसळणं. म्हणून त्याची लक्षणं औषधाच्या परिणामाच्या नेमकी उलट असतात. बद्धकोष्ठतेच्या जागी जुलाब, सुस्तीच्या जागी तळमळ, बारीक बाहुल्यांच्या जागी विस्फारलेल्या बाहुल्या, वेदनाशमनाच्या जागी अंगभर ठणका.

ही सवय सगळ्या परिणामांना सारख्या वेगाने होत नाही आणि यातच मोठी जोखीम आहे. सुखाची भावना आणि वेदनाशमन लवकर बोथट होतात, म्हणून माणूस मात्रा वाढवतो. बद्धकोष्ठता मात्र जवळपास तशीच राहते. श्वास मंदावण्याची सवय होते, पण अपुरी होते. मात्रा चढत जाते तसं हवा तेवढा परिणाम देणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांच्यातलं अंतर कमी होत जातं. दारू किंवा झोपेची गोळी जोडीला आली की ते आणखी आक्रसतं.

कंबरदुखीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. पहाटे कंबर ठणकते, पावडर घेतली की तासाभरात बरं वाटतं, म्हणजे दुखणं खरं आहे आणि पावडर लागतेच, असा निष्कर्ष निघतो. पण दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, मज्जासंस्था वेदनेला अधिक संवेदनशील होते. ओपिऑइडनेच वेदना वाढणं ही वैद्यकशास्त्रात नोंदलेली अवस्था आहे. दुसरी, रात्रभरात औषध उतरल्यावर सकाळी जे दुखतं त्यातला काही भाग सरळसरळ विड्रॉवलचा असतो. ओळखायचं कसं? मूळ दुखणं सहसा एका जागी असतं, वाकल्यावर किंवा बसल्यावर वाढतं. विड्रॉवलचं दुखणं पसरट असतं, हाडांत आणि पिंढऱ्यांत जाणवतं आणि त्याच्यासोबत जांभया, घाम, नाक वाहणं, चिडचिड येते. ही मंडळी पावडर घेतल्यावर एकत्रच नाहीशी होत असतील, तर दुखण्याच्या औषधाचा बराचसा भाग आता त्या औषधाच्याच परिणामावर खर्च होतो आहे. अनेक रुग्णांची कंबर बंद केल्यानंतर पहिले काही आठवडे जास्त दुखते आणि नंतर पूर्वीपेक्षा कमी दुखते. हे आधी माहीत नसेल तर माणूस पहिल्याच आठवड्यात हार मानतो.

हे व्यसन म्हणायचं का? शरीराला सवय लागणं आणि व्यसनाधीनतेचा आजार या दोन अवस्था वेगळ्या आहेत. कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या माणसालाही अचानक बंद केल्यावर विड्रॉवल येतं, तरी त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानपद्धतीत 11 निकष आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेतलं जाणं, सोडण्याचे फसलेले प्रयत्न, मिळवण्यात जाणारा वेळ, तीव्र ओढ, काम आणि नाती बिघडूनही चालूच ठेवणं, असे ते आहेत. वर्षभरात त्यांतले किमान दोन जुळले तर आजार आहे असं मानतात. दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा जास्त म्हणजे तीव्र. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतच मात्रा वाढणं, विड्रॉवल आणि फसलेले प्रयत्न हे तिन्ही निकष आले आहेत. शिवाय एक वस्तू मिळाली नाही तेव्हा तुम्ही दुसऱ्या ओपिऑइडकडे वळलात. म्हणजे हो, आजार आहे. तो चारित्र्याचा दोष नाही, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तो किती तीव्र आहे हे समोर बसून बोलल्यावरच ठरवता येईल.

क्रॅटम हे मित्रागायना स्पेसिओसा नावाचं, कॉफीच्याच कुळातलं झाड. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी हा त्याचा मूळ प्रदेश. तिकडचे कष्टकरी पिढ्यान् पिढ्या ताजी पानं चघळत किंवा उकळून पीत आले आहेत. थोड्या प्रमाणात तरतरी येते, जास्त घेतल्यावर ओपिऑइडसारखा परिणाम होतो. त्यातलं मुख्य अल्कलॉइड मित्राजिनिन. ते म्यू रिसेप्टरला अर्धवटच चालना देतं आणि अॅड्रिनॅलिन तसंच सेरोटोनिन या रसायनांच्या यंत्रणांवरही काम करतं. यकृतात त्याच्यापासून 7-हायड्रॉक्सिमित्राजिनिन तयार होतं आणि ते कितीतरी जास्त ताकदवान आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मॉर्फिनलाही मागे टाकणारं. पानात ते अगदी थोडं असतं. पण आता अर्क काढून हाच घटक वाढवलेल्या गोळ्या नि थेंब विकले जातात. पान चघळणाऱ्या शेतमजुराच्या अनुभवावरून अशा अर्काबद्दल काहीच अनुमान काढता येत नाही. अर्क घेणाऱ्या रुग्णाला मी तीव्र ओपिऑइड घेणारा रुग्ण समजूनच तपासते.

पानाचीही सवय लागते, हे मात्र लक्षात ठेवा. मलेशियात नियमित क्रॅटम घेणाऱ्या 293 जणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत तीव्र अवलंबित्व आढळलं. स्नायूंत पेटके आणि वेदना, झोप न लागणं, नाक-डोळे वाहणं, अंग तापणं, भूक मरणं, जुलाब अशी लक्षणं त्यांनी सांगितली. त्यांत तुमचं नाक-डोळे वाहणं आणि झोप उडणं आहेच. थायलंडने 1943 मध्ये कायदा करून क्रॅटमवर बंदी घातली आणि 2021 मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीतून काढलं. कायद्याच्या या येण्याजाण्याने रिसेप्टरवरचा परिणाम बदलत नाही, तेव्हा कायदेशीर आहे की नाही याला सुरक्षिततेचा पुरावा समजू नका.

क्रॅटमचे आणखी काही धोके अवलंबित्वाच्या पलीकडचे आहेत. काही जणांना घ्यायला लागल्यापासून काही आठवड्यांत यकृताला इजा होते. लघवी गडद होणं, अंगाला खाज, डोळे पिवळे पडणं ही खूण. झटके आल्याच्या नोंदी आहेत. मित्राजिनिन यकृतातलं सीवायपी2डी6 हे विकर (एन्झाइम) अडवतं आणि काही नैराश्यविरोधी गोळ्या, ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक, हृदयाची काही औषधं याच विकराने पचतात, त्यामुळे त्यांचं गणित बिघडतं. शिवाय पावडरच्या शुद्धतेची हमी नसते. 2018 मध्ये अमेरिकेत क्रॅटममधून पसरलेल्या साल्मोनेला या जंतूच्या साथीत 199 लोक आजारी पडल्याची नोंद झाली. त्याआधी स्वीडनमध्ये क्रॅटम म्हणून विकल्या गेलेल्या एका मिश्रणात ट्रॅमॅडॉलपासून शरीरात बनणारं एक ताकदवान द्रव्य मिसळलेलं निघालं आणि त्या मिश्रणाशी जोडलेले नऊ मृत्यू नोंदले गेले.

अफूच्या बोंडांचा काढा मला यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. त्यात मॉर्फिन आणि कोडीन असतं, आणि किती असतं ते डोळ्यांना कळत नाही. झाडाचा वाण, कापणीची वेळ, किती वेळ भिजवलं, पाणी किती गरम होतं, यावर मात्रा कितीतरी पटींनी बदलते. कालच्या एवढाच पेला आज दुप्पट-चौपट ताकदीचा असू शकतो. न धुतलेल्या बियांच्या पाण्यातूनही असंच घडतं. बियांच्या आत मॉर्फिन जवळपास नसतं, पण वरच्या सालीला चीक लागलेला असतो. असं पाणी पिऊन तरुण मुलं झोपेत दगावल्याच्या नोंदी आहेत. कोडीनची आणखी एक गुंतागुंत म्हणजे त्याचं मॉर्फिन यकृतात बनतं. ते करणारं विकर काही लोकांत जन्मतःच फार वेगवान असतं, तर काहींत जवळपास नसतंच. एकाच भांड्यातला काढा दोघांना वेगवेगळा लागतो तो यामुळेही.

दीर्घकाळ अफू घेण्याचे शरीरावर होणारे परिणाम इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या अभ्यासाने स्पष्ट केले. सुमारे 50,000 प्रौढांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अफू घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 1.86 पट आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2020 मध्ये अफूचं सेवन माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत घातलं. इराणमध्येच 2016 च्या सुमारास शिसं मिसळलेल्या अफूमुळे विषबाधेची लाट आली होती. शिशाच्या विषबाधेत पोटात कळा, बद्धकोष्ठता, अशक्तपणा, रक्तक्षय अशी लक्षणं असतात. कळा आल्या की माणसाला वाटतं मात्रा कमी पडली आणि तो आणखी घेतो. अफू घेणाऱ्याला पोटाच्या कळा येत असतील आणि जुलाबाऐवजी बद्धकोष्ठता असेल, तर रक्तातलं शिसं तपासायला सांगावं.

आता विड्रॉवल. अफू किंवा मॉर्फिनच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर साधारण 8 ते 24 तासांत सुरुवात होते. आधी अस्वस्थपणा, जांभया, घाम, नाक-डोळ्यांतून पाणी. मग अंगावर काटा, थंडी-उष्णता, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, पाय सतत हलवावेसे वाटणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि पाच ते दहा दिवसांत शारीरिक त्रास ओसरतो. क्रॅटम शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे सुरुवात थोडी उशिरा होऊ शकते आणि चढ-उतार कमी टोकदार असतो. चिंता, चिडचिड आणि उदासी मात्र ठळक असते. तुम्ही तिसऱ्या दिवशी परत घेता, म्हणजे नेमके कळसावर असताना. तिथून पुढे उतारच लागणार होता, हे तेव्हा कोणी सांगितलं नसेल तर धीर धरणं अवघड जातं.

विड्रॉवल सहसा प्राणघातक नसतं, हे कोणाला लागू नाही ते नीट वाचा. उलट्या-जुलाबांनी पाणी आणि क्षार कमी पडून माणूस दगावू शकतो, म्हणून लघवी कमी झाली, उभं राहताना भोवळ आली किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर रुग्णालय गाठायचं. हृदयविकार किंवा आवाक्याबाहेरचा रक्तदाब असेल तर घरी प्रयोग नको. रोज दारू किंवा बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्याही चालू असतील तर त्या मुळीच एकदम थांबवू नयेत. त्यांच्या विड्रॉवलमध्ये झटके येतात, भ्रम होतो आणि मृत्यूही होतो. गोंधळलेपण, नसलेली माणसं दिसणं, खूप ताप ही ओपिऑइड विड्रॉवलची लक्षणं नव्हेत. ती दिसली तर दुसरं कारण शोधावं लागतं. आणि मनात मरणाचे विचार येऊ लागले तर ती तितकीच तातडीची वैद्यकीय स्थिती आहे. एकट्याने रात्र काढू नका.

गरोदर स्त्रीने अचानक बंद करू नये. विड्रॉवलमुळे गर्भपात आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. तिच्यासाठी देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या उपचारातल्या ओपिऑइडवर स्थिर राहणं हाच प्रस्थापित उपचार आहे. बाळाला जन्मानंतर विड्रॉवल येऊ शकतं, क्रॅटम घेणाऱ्या मातांच्या बाळांतही ते दिसलं आहे. आधी माहीत असेल तर बालरोगतज्ज्ञ ते व्यवस्थित हाताळतात. म्हणून प्रसूतीआधीच सांगून ठेवणं बाळाच्या हिताचं.

एकदम बंद करण्यापेक्षा हळूहळू उतरवणं बहुतेकांना पेलतं, पण ते फक्त साध्या पावडरच्या बाबतीत. काढा आणि अर्क यांची मात्राच निश्चित नसते, त्यामुळे तिथे कमी करण्याला अर्थ उरत नाही. ते घेत असाल तर सरळ औषधोपचाराकडे वळा. पावडर उतरवायची असेल तर चमच्याने मोजू नका, ग्रॅमचा वजनकाटा वापरा. आधी आठवडा-दोन आठवडे आहे तीच मात्रा, ठरलेल्या वेळी, एकाच पाकिटातली घ्या. दुखलं म्हणून मधेच जास्तीची घेणं बंद झालं की अर्धं काम होतं. मग दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी चालू मात्रेच्या 5 ते 10 टक्के कमी करा. जिथे फार त्रास होईल तिथे थांबा, पण वर चढू नका. शेवटचा टप्पा सगळ्यात हळू करावा लागतो, कारण थोड्यातून थोडं वजा केलं तरी शरीराला ती उडी मोठी वाटते. घरात कोणाला विश्वासात घेतलं असेल तर आठवड्याच्या पुड्या त्यांच्याकडे ठेवाव्यात. एकट्याच्या निग्रहावर हे सगळं सोपवू नये असं माझं ठाम मत आहे.

लक्षणांवरची औषधं डॉक्टर देतात. क्लोनिडिन नॉरअॅड्रिनॅलिनचा तो उसळलेला जोर दाबतं. घाम, थरथर, अस्वस्थपणा कमी होतो. त्याने रक्तदाब घसरतो, म्हणून ते मनाने घेऊ नये. मळमळीसाठी, जुलाबासाठी, अंगदुखीसाठी वेगळी औषधं आहेत. लोपेरामाइडबद्दल मुद्दाम इशारा देते: जुलाबासाठी नेहमीच्या मात्रेत ते ठीक आहे, पण तेही ओपिऑइडच आहे म्हणून भरमसाट गोळ्या घेऊन विड्रॉवल दाबण्याचे प्रयोग लोक करतात. त्यात हृदयाची लय बिघडून मृत्यू झाले आहेत. आयबोगा या आफ्रिकी वनस्पतीतलं आयबोगेन एका फटक्यात व्यसन सोडवतं असा प्रचार आहे. त्यानेही हृदयाची लय बिघडून माणसं गेली आहेत. देखरेखीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि झोप येत नाही म्हणून दारू तर अजिबात नको.

आता ब्युप्रेनॉर्फिन आणि दुसरं धरण्याची भीती. ब्युप्रेनॉर्फिन म्यू रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण अर्धवटच चालना देतं, त्यामुळे ओढ आणि विड्रॉवल शमतं आणि श्वासावरच्या परिणामाला बऱ्यापैकी मर्यादा राहते. ते घेताना शरीराचं अवलंबित्व चालू राहतं, हे मी लपवत नाही. पण मात्रा माहीत असते, ती दिवसभर सारखी राहते, दर सहा तासांनी चढ-उतार होत नाही, माणूस कामावर जातो, झोपतो, कमावतो. डीएसएमच्या निकषांपैकी बहुतेक निकष एकेक करून गळतात. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मृत्यू कमी होतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मेथाडोनच्या उपचारात असताना मृत्यूचं प्रमाण दर 1,000 व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे 1,000 माणसांच्या एका वर्षामागे) 11.3 होतं, उपचार सोडल्यावर 36.1. ब्युप्रेनॉर्फिनसाठी हेच आकडे 4.3 आणि 9.5. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं 2005 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ज्या उपचाराने माणसं जगतात त्याला दुसरं व्यसन म्हणून नाकारलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण नाकारणारे सहसा रुग्णाच्या भल्याच्याच इच्छेने बोलत असतात.

फक्त पानाची पावडर, कमी मात्रेत, थोडे महिने घेणाऱ्या प्रत्येकाला ब्युप्रेनॉर्फिन लागत नाही. काहींना हळूहळू उतरवणं आणि लक्षणांवरची औषधं पुरतात. तुमच्या बाबतीत दीड वर्ष, दिवसातून चार वेळा, वर अफूचा काढा आणि दर वेळी तिसऱ्या दिवशी मोडणारा निग्रह पाहता मी ब्युप्रेनॉर्फिनचा विचार नक्की करेन.

ते सुरू करण्याची वेळ चुकली तर मात्र मोठा त्रास होतो. शरीरात अजून मॉर्फिन बसलेलं असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते त्याला रिसेप्टरवरून ढकलून देतं आणि काही मिनिटांत ते तासाभरात भयंकर विड्रॉवल उसळतं. म्हणून सहसा 12 ते 24 तास थांबतात आणि विड्रॉवल खरंच सुरू झालं आहे हे मोजून पाहतात. त्यासाठी 11 चिन्हांचं एक गुणपत्रक आहे. नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा वगैरेंना गुण देतात, एकूण 48. साधारण 8 ते 12 च्या पुढे गुण गेले की पहिली मात्रा देतात. कोणाकडून मिळवलेली गोळी घरी घेऊन पाहणाऱ्यांचा अनुभव वाईट येतो तो या चुकीमुळे, आणि मग हे औषध मला मानवत नाही असं ते कायमचं ठरवून टाकतात. नॅलट्रेक्सोन हा वेगळा पर्याय. तो रिसेप्टर पूर्ण अडवतो, पण त्याआधी 7 ते 10 दिवस शरीर ओपिऑइडमुक्त असावं लागतं.

विड्रॉवल ओसरल्यावर शरीराची सवय काही दिवसांतच उतरू लागते. डोक्यातलं माप मात्र जुनंच असतं. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या वाईट संध्याकाळी पूर्वीएवढाच काढा घेतला जातो आणि तो आता श्वास थांबवण्याइतका जास्त ठरतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले आठवडे ओव्हरडोसने मृत्यू होण्याच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात, ते याच कारणाने. म्हणून औषधोपचाराशिवाय केवळ शरीर साफ करून घरी पाठवणं मला अर्धवट उपचार वाटतो. घसरण झालीच तर ती एकट्याने, बंद दाराआड होऊ नये, एवढं तरी घरच्यांशी आधी ठरवून ठेवा.

घरच्यांनी ओळखायचं ते असं: हाक मारून, हलवून जाग येत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद किंवा अडखळता, घशातून घरघर, ओठ निळसर. घोरतोय म्हणून झोपू देऊ नका. रुग्णवाहिका बोलवा, नॅलोक्सोन असेल तर द्या, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नॅलोक्सोनचा परिणाम 30 ते 90 मिनिटं टिकतो आणि मॉर्फिन त्याहून जास्त वेळ शरीरात राहतं, त्यामुळे शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच.

शारीरिक त्रास संपल्यावरही झोप, उत्साह आणि कशात रस वाटणं परत यायला आठवडे, कधी काही महिने लागतात. दीर्घकाळच्या ओपिऑइडने पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, स्त्रियांत मासिक पाळी बिघडलेली असते. तीही हळूहळू सावरते. दुसऱ्या आठवड्यात वाटणारं फिकेपण म्हणजेच आपलं पावडरशिवायचं आयुष्य, असा निर्णय घेऊ नका. रोज एकाच वेळी उठणं, दिवसा चालणं, कंबरेसाठी फिजिओथेरपी आणि नैराश्य असेल तर त्यावर उपचार, हे सगळं या काळात चालू असायला हवं. दुखण्यावर दुसरा मार्ग मिळाला नाही तर पावडर परत येते, म्हणून कंबरेची नीट तपासणी पुढे ढकलू नका.

डॉक्टरांकडे जाताना पावडरचं पाकीट सोबत न्या. दिवसभरात कधी, किती घेता ते एका कागदावर लिहा आणि काढा किती दिवस घेतला, शेवटचा कधी, तेही लिहा. लघवीच्या नेहमीच्या चाचणीत क्रॅटम सापडत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाही तर अहवाल स्वच्छ येईल आणि उपचार चुकतील. दारू, झोपेच्या गोळ्या, नैराश्याची औषधं यांतलं काहीही लपवू नका. यकृताच्या तपासण्या, ईसीजी आणि काढा बराच काळ घेतला असेल तर शिशाची तपासणी करून घ्या. त्याच भेटीत नॅलोक्सोनबद्दल विचारा आणि ते घरात आणलं की कुठे ठेवलं आहे नि कसं द्यायचं, हे सोबत राहणाऱ्या निदान एका माणसाला दाखवून ठेवा.